लहान न्हाणीघर : जागा तेवढीच, सोय अधिक

घराची पारख बाहेरच्या खोलीवरून करण्याची आपल्याकडे रीत आहे. पाहुणा येतो, दिवाण पाहतो, शोकेस पाहतो आणि घर छान लावले आहे असे म्हणून जातो. परंतु त्या घरात राहणाऱ्या माणसाचा दिवस कोठे सुरू होतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो सुरू होतो न्हाणीघरात आणि संडासात. घरातील सर्वांत लहान, सर्वांत ओली आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी हीच जागा. घर दुरुस्तीला काढले की पैसा प्रथम बाहेरच्या खोलीच्या रंगावर व छतावर खर्च होतो आणि न्हाणीघराची पाळी येईपर्यंत हात आखडता होतो, हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून या स्मरणिकेच्या पानांतून आम्ही मुद्दाम हा विषय मांडीत आहोत. आमच्यापैकी कोणी गवंडीकामात, कोणी नळजोडणीत, कोणी विजेच्या कामात, तर कोणी इमारत दुरुस्तीच्या देखरेखीत वर्षे काढलेली आहेत. जे हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले, तेच येथे लिहिले आहे.

मोरीपासून न्हाणीघरापर्यंत

मुंबईत आपल्यातील असंख्य कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या चाळीतील एका खोलीत गेल्या. १९२०च्या दशकात मुंबई विकास विभागाने, म्हणजेच बी.डी.डी.ने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामायिक. खोलीच्या कोपऱ्यात मोरी. तिथेच भांडी, तिथेच धुणे, तिथेच अंघोळ. मोरीला भिंत नव्हती, असलाच तर गुडघाभर कट्टा आणि वर दोरीला अडकवलेला पडदा. घरातील बाईची अंघोळ व्हायची म्हणजे पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि तिने आत घाईघाईने दोन तांबे अंगावर घ्यायचे. लग्न होऊन आलेल्या सुनेला, वयात आलेल्या मुलीला, आजारी सासूला या पडद्याआड काय वाटत असेल, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

पुढे दिवस बदलले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून प्रथम २२५, नंतर २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात तर ५०० चौरस फुटांचे घर ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांच्या हाती पडल्या. घरात स्वतःचा संडास आणि स्वतःचे न्हाणीघर आले. दार लावता येते, आतून कडी घालता येते. ही सुधारणा लहान नाही. परंतु जुन्या २२५ फुटी घरांत व गृहनिर्माण मंडळांच्या जुन्या वसाहतींत हे न्हाणीघर इतके चिंचोळे असते की, एका बादलीनंतर माणसाला उभे राहायला जागा शोधावी लागते. जागा वाढविणे आपल्या हाती नाही. आहे त्या जागेचा हिशेब मात्र आपल्या हाती आहे.

प्रथम जागा मोजा, मग माणसे मोजा

हिशेबासाठी आपण एक नमुना घेऊ. आतून ४ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब अशी एकूण २६ चौरस फुटांची जागा आहे. मधोमध साडेचार इंची विटेची भिंत आहे. दोन्ही बाजूंचा गिलावा व लाद्या धरून तिची जाडी सहा इंच भरते. म्हणजे एका बाजूला ३ × ४ फुटांचा संडास आणि दुसऱ्या बाजूला ३ × ४ फुटांचे न्हाणीघर राहिले. प्रत्येकी १२ चौरस फूट. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर, म्हणजे १९ चौरस फुटांहून थोडे अधिक, संडासाला १.१ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ १२ चौरस फूट, आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३० चौरस फूट असे सर्वसाधारण माप दिले आहे. अल्प उत्पन्न गटाच्या घरांना त्यात सवलत असते. म्हणजे आपला संडास मापात बसतो, न्हाणीघर मात्र तोकडे आहे.

आता त्या १२ चौरस फुटांत काय काय आहे ते पाहा. आत उघडणारे सव्वादोन फुटी दार आहे. ते फिरताना पाव वर्तुळ घेते आणि त्या पाव वर्तुळाचे क्षेत्रफळ होते जवळजवळ ४ चौरस फूट. कोपऱ्यात २०० लिटरचे पिंप आहे. त्याचा व्यास दोन फुटांच्या आतबाहेर. म्हणजे कोपऱ्यासह त्याने आणखी ४ चौरस फूट अडविले. उरले किती? दोन फूट बाय दोन फूट. एवढ्यात बादली, पाट आणि अंघोळ करणारे माणूस! न्हाणीघर लहान आहे ही तक्रार खरी आहे, पण त्याचा दोन तृतीयांश भाग दाराने आणि पिंपाने खाल्ला आहे हेही तितकेच खरे आहे.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन भिंत ते भिंत माप घ्यावे, तेही जमिनीलगत आणि छातीच्या उंचीवर असे दोनदा. कारण जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. मग बाहेरच्या खोलीत फरशीवर खडूने त्याच मापाचा चौकोन आखावा. त्यात बादली ठेवावी, पाट ठेवावा आणि घरातील प्रत्येकाला त्यात बसून, उठून, वळून पाहायला सांगावे. कागदावरच्या नकाशापेक्षा या खडूच्या रेषा अधिक खरे बोलतात.

त्यानंतर माणसे मोजावीत. घरात किती जण आहेत, सकाळी सहा ते आठ या वेळात किती जणांना बाहेर पडायचे असते, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, कपडे कोठे धुतले जातात, घरात साठीच्या पुढचे कोणी आहे काय, लहान मूल आहे काय? या प्रश्नांची उत्तरे गवंड्याजवळ नसतात, ती घरातल्या बाईजवळ असतात. नकाशा ठरविताना तिचे मत शेवटी विचारण्याची आपली सवय आहे. या कामात ते पहिले घ्यावे.

एकत्र करावे की वेगळे ठेवावे?

मधली भिंत पाडून संडास व न्हाणीघर एक करावे, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. त्याने जागा किती वाढते? आपल्या नमुन्यात भिंत गेली तर ४ फूट × अर्धा फूट, म्हणजे अवघी २ चौरस फूट. परंतु खरा फायदा त्या दोन फुटांचा नाही. दोन ठिकाणची मोकळी जागा जोडली जाते, एक दार कमी होते आणि वळायला, वाकायला, दुसऱ्या माणसाला आधार द्यायला जागा मिळते. घरात वृद्ध किंवा अपंग माणूस असेल तर एकत्र करणे निश्चित हिताचे आहे.

मात्र घरात सहा माणसे असतील आणि सगळ्यांची घाई एकाच वेळी असेल, तर एकत्र केलेल्या जागेसमोर रोज सकाळी रांग लागेल. एक जण अंघोळीला गेला की संडासही अडला. चाळीतील रांग मागे टाकून आलेल्या माणसाने घरात नवी रांग कशाला लावावी? अशा घरात दोन्ही वेगळे ठेवून दुसरे उपाय करावेत. साडेचार इंची विटेच्या जागी तीन इंची हलक्या ठोकळ्यांची भिंत घातली तर दीड इंच रुंदी मिळते आणि स्लॅबवरचा भारही कमी होतो. दीड इंच ऐकायला थोडा वाटतो; पण तीन फुटांच्या जागेत कोपर भिंतीला आपटते की नाही, हे अशा इंचांवरच ठरते.

भिंत पाडण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. ती भिंत केवळ आडोशाची आहे की तिच्यावर भार आहे? जुन्या भारवाही बांधकामात नऊ इंची भिंतीला हात लावू नये. साडेचार इंची भिंतीवरही कित्येकदा पोटमाळ्याची फरशी टेकलेली असते. खांब, तुळई आणि स्लॅब यांना तर छिन्नी लागताच कामा नये. संस्थेची लेखी परवानगी आणि जाणकार अभियंत्याची पाहणी यांवाचून भिंत पाडणे म्हणजे आपल्याबरोबर खालच्या-वरच्या घरांनाही धोक्यात घालणे होय.

दार : सर्वांत स्वस्त सुधारणा

आत उघडणारे दार बाहेर उघडणारे केले की ४ चौरस फूट तात्काळ मोकळे होतात. भिंत पाडावी लागत नाही, लादी फोडावी लागत नाही. बिजागऱ्या व चौकटीची खाच बदलली की झाले. याचा आणखी एक मोठा लाभ आहे. आत कोणी घसरून पडले आणि शरीर दाराला टेकले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. मदत करणारे दाराबाहेर ताटकळत राहतात. बाहेर उघडणारे दार अशा वेळी जीव वाचवू शकते. त्यासाठी कडीही अशी बसवावी की, प्रसंगी नाण्याने किंवा पेचकसाने ती बाहेरून फिरविता येईल.

बाहेरचा बोळ अगदी अरुंद असेल आणि बाहेर उघडलेले दार जाणाऱ्या-येणाऱ्याला लागत असेल, तर सरकते किंवा घडीचे पी.व्ही.सी.चे दार लावावे. सरकत्या दारासाठी बाजूला दाराएवढी मोकळी भिंत लागते, हे आधी पाहून घ्यावे. लाकडी दार ओलाव्याने खालून कुजते, पी.व्ही.सी. किंवा फायबरचे दार येथे जास्त टिकते.

भांडे, कमोड आणि बेसिन

भारतीय पद्धतीचे भांडे सुमारे २३ इंच लांब व १७ इंच रुंद मिळते. त्याला जागा कमी लागते, ते धुवायला सोपे आणि किमतीलाही हलके. परंतु गुडघे धरलेल्या माणसाला त्यावर बसणे ही रोजची शिक्षा असते. कमोड भिंतीपासून साधारण सव्वादोन फूट पुढे येतो. त्याच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत सव्वा फूट आणि समोर पावणेदोन फूट मोकळे हवेत. म्हणजे अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल एवढी जागा धरावी. आपल्या ३ × ४ फुटांच्या संडासात कमोड याच हिशेबाने नेमका बसतो. मात्र दार बाहेर उघडणारे असले पाहिजे.

कमोड विकत घेण्यापूर्वी जुन्या भांड्याचे तोंड जमिनीत आहे की भिंतीत, हे पाहावे. जमिनीत असेल तर भिंतीपासून त्याचे अंतर मोजावे. बाजारात ४, ९ आणि १२ इंचांचे वेगवेगळे कमोड मिळतात. माप न घेता आणलेला कमोड बसविण्यासाठी मग लादी फोडावी लागते. मैल्याचा चार इंची नळ शक्यतो आहे तेथेच ठेवावा. कमोड या भिंतीवरून त्या भिंतीवर नेण्याच्या हौसेपायी नळाला पुरेसा उतार मिळत नाही, मैला अडतो आणि जोडातून गळती सुरू होते. भिंतीला टांगलेला कमोड दिसायला सुटसुटीत असतो व खालची फरशी धुता येते हे खरे. परंतु त्याची टाकी लपविण्यासाठी सुमारे सहा इंच जाडीची खोटी भिंत उभारावी लागते. लहान जागेत त्याने फारसे काही वाचत नाही.

हात धुण्याचे बेसिन आत घालण्याचा हट्ट धरू नये. ते दाराबाहेर बोळात लावावे. एक जण अंघोळ करीत असताना दुसऱ्याला दात घासता येतात, तिसऱ्याला दाढी करता येते. बाहेर जागाच नसेल तर कोपऱ्यात बसणारे लहान बेसिन घ्यावे.

पाणी, पिंप आणि कोनाडा

चोवीस तास पाणी नसलेल्या घराला पिंप सोडता येत नाही. पण पिंप जमिनीवरच असले पाहिजे असे नाही. गोल पिंपाऐवजी भिंतीला चिकटून बसणारी उभी, चौकोनी टाकी घेतली तर कोपऱ्यातील जागा वाया जात नाही. ती पक्क्या विटांच्या ओट्यावर ठेवून खालच्या बाजूला तोटी काढावी. म्हणजे वाकून तांब्याने पाणी उपसावे लागत नाही आणि पाण्यात हातही बुडत नाही.

टाकी माळ्यावर चढवावी काय, असे पुष्कळ जण विचारतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो झाले, म्हणजे तीन धडधाकट माणसे रात्रंदिवस माळ्यावर बसल्यासारखे. कडप्प्याच्या फरशीचा साधा माळा हा भार पेलण्यासाठी नसतो. न्हाणीघराची आतील उंची सात फूट ठेवून वर माळा करावा, पण त्यावर अंथरुणे, पाहुण्यांची भांडी, सणासुदीचे सामान असे हलके जिन्नसच ठेवावेत.

साबण, तेल, ब्रश यांसाठी बाहेर आलेल्या फळ्या लावल्या की त्या डोक्याला व खांद्याला लागतात. आपल्या गावाकडच्या घरांतील कोनाडा येथे फार उपयोगी पडतो. नऊ इंची विटेच्या भिंतीत चार इंच खोल कोनाडा काढून आतून लादी लावावी आणि त्याचा तळ किंचित पुढे उतरता ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. साडेचार इंची भिंतीत किंवा सिमेंट काँक्रीटच्या खांबात मात्र कोनाडा कोरू नये. बादल्या एकात एक बसतील अशाच घ्याव्यात आणि पाट टांगण्यासाठी भिंतीला एक मजबूत खुंटी मारावी. जमीन जितकी मोकळी, तितके न्हाणीघर मोठे.

लादी आणि उतार

जुन्या लादीवरच नवी लादी चिकटविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. काम लवकर होते, मलबा निघत नाही. परंतु प्रत्येक भिंतीवर अर्धा इंच चढतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक इंच रुंदी जाते. जमिनीवर चढविली तर दाराचा उंबरठा व नहाणी ट्रॅपची पातळी बिघडते. त्याहून वाईट म्हणजे खालची गळती तशीच झाकली जाते. रुंदी साडेतीन फुटांपेक्षा कमी असेल तर जुनी लादी काढूनच नवी बसवावी.

जमिनीला लहान, खरखरीत पृष्ठभागाची लादी घ्यावी. एक फुटी लादी पुरे. मोठी लादी लहान जागेत कापावी लागते आणि तिला चारी बाजूंनी नीट उतार देता येत नाही. भिंतीला फिकट रंग लावावा. उजेड परावर्तित होतो आणि जागा मोकळी वाटते. गडद रंगावर क्षारांचे पांढरे डाग अधिक उठून दिसतात. उतार चार फुटांत अर्धा ते पाऊण इंच असावा. त्यापेक्षा कमी असेल तर पाणी साचून शेवाळ धरते, फार असेल तर वृद्धांचा पाय घसरतो. लादी बसल्यावर गवंड्यासमोर एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी कोठेही न थांबता ट्रॅपकडे गेले पाहिजे. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे राहते. तेच गटारातील दुर्गंधी व झुरळे यांना अडविते. म्हणून ट्रॅप काढून नुसती जाळी बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये.

खालच्या घराचे छत

न्हाणीघराच्या कामात ज्या भागावर सर्वांत आधी पैसा खर्च करावा, तो भाग डोळ्यांना कधीच दिसत नाही. लादीखालील जलरोधक थर हाच तो भाग. लाद्या भारी आणि खालचा कोबा निकृष्ट, असे झाले की वर्षभरात खालच्या घराच्या छतावर ओल उमटते. मग दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते, संस्थेत अर्ज पडतात, लग्नकार्याला जाणेयेणे थांबते. एका गळणाऱ्या नळापायी वीस वर्षांचा शेजार तुटलेला आम्ही पाहिला आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सांडपाण्याच्या नळाची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. पण संडास, मोरी यांतून होणारी आतील गळती दुरुस्त करणे ही त्या सभासदाची जबाबदारी असते. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

कामाचा क्रम असा असावा. जुनी लादी व भराव काढून स्लॅब स्वच्छ करावा. भेगा भराव्यात. नळ व ट्रॅप आधी बसवून त्यांच्याभोवतीची जागा घट्ट भरावी, कारण गळती बहुधा येथूनच होते. भिंत व जमीन जेथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता सिमेंटने गोल भरावा. गवंडी याला वाटा म्हणतात. त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन हात द्यावेत, तेही भिंतीवर किमान एक फूट आणि जेथे अंगावरून पाणी उडते तेथे अधिक उंच. मग ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी किमान दोन दिवस भरून ठेवावे आणि खालच्या शेजाऱ्याला आपण होऊन सांगावे, "दादा, दोन दिवस तुमच्या छताकडे लक्ष ठेवा." छत कोरडे राहिले तरच पुढचा कोबा व लादी. ठेकेदार घाई करील, दुसरे काम आहे म्हणेल. या दोन दिवसांची घाई मात्र करू देऊ नये. खड्ड्यात फोडलेल्या लाद्यांचा जड मलबा परत भरणेही टाळावे. स्लॅबवर नाहक भार येतो.

गरम पाणी, वीज आणि हवा

येथे आम्ही हात जोडून सांगतो, की गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत लावू नका. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला चक्कर येते, तो खाली बसतो आणि उठत नाही. जागा जितकी लहान, तितका हा वायू लवकर साचतो. आपण दार-खिडकी घट्ट बसवून जागा नीटनेटकी केली, की धोका आणखी वाढतो. गॅसचा गिझर बाहेर मोकळ्या हवेत ठेवून पाण्याचा नळ तेवढा आत आणावा.

विजेचा गिझर घ्यायचा तर १० ते १५ लिटरचा बादलीच्या अंघोळीला सोयीचा. तो भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून पक्क्या विटेच्या भिंतीलाच टांगावा. तीन किलोवॅटचा तात्काळ गिझर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट व जाड स्वतंत्र वायर हवी. दिव्याच्या वायरवर तो चालवू नये. बटण न्हाणीघराबाहेर असावे, भूमिगत जोडणी म्हणजे अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलीअँपिअरचे गळती-संरक्षक यंत्र, ज्याला दुकानात आर.सी.सी.बी. म्हणतात, ते मीटरजवळ बसवावे. बादलीत सोडायचा विजेचा रॉड शक्यतो घरातून हद्दपारच करावा. आणि तो असेलच, तर बटण बंद करून प्लग काढल्यावाचून पाण्याला बोट लावू नये.

हवेसाठी काचेच्या पट्ट्यांची खिडकी उत्तम. ती माळ्याच्या सामानाने झाकू नये. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर सहा इंची पंखा लावावा. ओल वाळली की बुरशी धरत नाही, लोखंड गंजत नाही आणि दार फुगत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी

ज्या आईने आयुष्यभर मोरीतल्या पडद्याआड अंघोळ केली, तिला उतारवयात तरी निर्धास्तपणे न्हाता यावे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. कमोडच्या बाजूला व अंघोळीच्या जागी भिंतीला गंज न धरणाऱ्या पोलादाची पकडदांडी लावावी, जमिनीपासून अडीच ते पावणेतीन फुटांवर. ती केवळ लादीत न बसविता आतील विटेत खोलवर बोल्ट घालून बसवावी आणि धडधाकट माणसाने आपला भार टाकून ती आधी तपासावी. टॉवेल वाळत घालण्याची दांडी आधाराला धरली जाते आणि निखळते, म्हणून ती कोपऱ्यात दूर ठेवावी. उंबरठा अर्धा-पाऊण इंचापेक्षा उंच नसावा. बसून अंघोळ करण्यासाठी रबरी पायांचे स्टूल ठेवावे. रात्रीसाठी दाराबाहेर एक मंद दिवा असावा. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले तर जो खर्च व जे हाल होतात, त्यापुढे या सगळ्या वस्तूंचा खर्च काहीच नाही.

पैसा थोडा असेल तर

सगळे एकदम करणे प्रत्येकाला शक्य नसते, हे आम्ही जाणतो. म्हणून क्रम सांगतो. पहिल्या टप्प्यात दार बाहेर उघडणारे करावे, पकडदांडी लावावी, वीज तपासून घ्यावी आणि जमिनीवरचे सामान वर घ्यावे. हे दोन-तीन दिवसांत होते. पुढे बोनस किंवा भिशी हाती आली, की जलरोधक थर, नळ, ट्रॅप आणि जमिनीची लादी एकाच वेळी करावी. ही कामे तुकड्यातुकड्याने करू नयेत. भिंतीच्या लाद्या, आरसा, शोभेच्या तोट्या यांना सर्वांत शेवटी स्थान द्यावे. ठेकेदाराशी ठरलेले काम, मालाची जात व रक्कम कागदावर लिहून घ्यावी आणि पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत. सिमेंटला मुरायला किमान आठवडा लागतो. तेवढे दिवस कुटुंबाची अंघोळ कोठे होईल, हे शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. संडास व न्हाणीघर वेगळे असेल तर एक चालू ठेवून दुसरे करता येते.

न्हाणीघर मोठे असणे हे ज्याच्या त्याच्या मिळकतीवर अवलंबून आहे. परंतु ते कोरडे, उजेडाचे, सुरक्षित आणि आब राखणारे असणे हे हिशेबाने व थोड्या विचाराने साधता येते. वाचक बंधुभगिनींनी आजच मोजपट्टी व खडू हाती घ्यावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना व बायकांना विचारून पहिली रेघ ओढावी, एवढीच आमची विनंती आहे.